सहाचा कागद

कारखान्यात तिला सगळे ताई म्हणायचे. तिच्याहून सहा वर्षांनी मोठा असलेला छपाईवालाही ताईच म्हणायचा, आणि धाकटे मालक तर तिच्या डोळ्यांदेखत चड्डीतून पँटमध्ये आले होते, ते दुसरं काय म्हणणार? जुन्या नकाशांच्या नकला काढायच्या कामात तिची बत्तीस वर्षं गेली होती. फाटके, पिवळे, घड्यांवर झिजलेले नकाशे यायचे. ताई ते खालून दिवे असलेल्या काचेच्या टेबलावर पसरायची, वर पारदर्शक फिल्म ठेवायची आणि शाईने रेघ न् रेघ उतरवून काढायची. आता हे सगळं यंत्रावर होतं, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तरी धाकटे मालक महिन्यातून एकदा सांगायचेच. पण काही कागद असे असतात की ते यंत्राच्या पोटात सरकवायची कुणाची छाती होत नाही. अशा कागदांसाठी ताईचं टेबल अजून जागेवर होतं.

कामाचा नियम एकच, आणि तो जुन्या उस्तादांनी घालून दिलेला. जे दिसतं ते उतरवायचं. गावाचं नाव चुकलेलं असेल तर चुकलेलंच लिहायचं, नदी डोंगरावर चढत असेल तर चढू द्यायची. "आपण शहाणपणा करायचा नाही," उस्ताद म्हणायचे. "शहाणपणाला वेगळं खातं असतं, ते दुसऱ्या मजल्यावर." इमारतीला दुसरा मजला नव्हता. उस्तादांना जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, पण हा विनोद कारखान्यात अजून चालत होता.

त्या सोमवारी स्मारकाच्या बाई पत्र्याचा एक लांबट डबा घेऊन आल्या. स्मारक म्हणजे पुलाच्या लढाईचं. तिथे पुढच्या महिन्यात नवं दालन उघडायचं होतं, आणि ती लढाई पहाटे चारपासून दुपारी बारापर्यंत तासातासाला कशी घडत गेली ते दाखवणारे नऊ नकाशे त्यांना भिंतभर हवे होते.

"या वेळी मुळावरून काढायचे," बाई म्हणाल्या. "मूळ कागद आत्ता मोकळे झालेत. एकतीस वर्षं सीलबंद होते. एकच अट आहे, ते या इमारतीच्या बाहेर जाता कामा नयेत."

ताईने पावतीवर सही केली. डबा तिने बघताक्षणी ओळखला होता. झाकणाच्या एका कोपऱ्याला पोचा होता, तो तसाच होता.

हे नऊ नकाशे ताईने आधी एकदा काढलेले होते. लढाई संपून दोन महिने झाले होते, चौकशी समिती बसली होती आणि समितीला दोन दिवसांत प्रती हव्या होत्या. ताई तेव्हा तेवीस वर्षांची, कामावर लागून जेमतेम वर्ष झालेलं. उस्तादांचे डोळे अधू व्हायला लागले होते, म्हणून बारीक काम तिच्याकडे आलं. खाली एकच छापील नकाशा होता, त्यात नदी, रस्ते, टेकड्या, पूल. वर ठेवायला तासाला एक असे नऊ पातळ कागद, त्यांवर लढाईच्या वेळी छावणीतल्या कारकुनाने रंगीत पेन्सिलीने कोण कुठे आहे त्याच्या खुणा केलेल्या. प्रत्येक कागदाच्या चार कोपऱ्यांत चार फुल्या. त्या खालच्या नकाशावरच्या चार फुल्यांवर बसवल्या की खुणा जागच्या जागी येतात. ताईने नऊच्या नऊ उतरवले, कोपऱ्यात बारीक अक्षरात आपली सही केली आणि घरी जाऊन चौदा तास झोपली.

सहाच्या नकाशात पुलाजवळ एक छोटा लाल चौकोन होता. चौकोन म्हणजे अकरा माणसांची एक तुकडी. त्या अकरांत आपला दादा आहे हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. पत्रांत तुकडीचा आकडा लिहायला बंदी होती, आणि दादा अजून दूरच्या लष्करी इस्पितळात होता.

शत्रू डावीकडून येत होता. आपली दोनशे माणसं नदीच्या डाव्या काठावर अडकली होती आणि त्यांना पूल ओलांडून उजव्या काठावर परतायचं होतं. तोवर, म्हणजे सातपर्यंत, त्या अकरांनी पुलाचं डावं तोंड धरून ठेवायचं असा हुकूम होता. नकाशात मात्र सहा वाजताच लाल चौकोन उजव्या काठावर दिसत होता. दोनशेंपैकी जे थोडे परत आले तेही म्हणाले, आम्ही साडेसहाला पोचलो तेव्हा पुलावर आपलं चिटपाखरू नव्हतं. छावणीतला कारकून आणि त्याचा अधिकारी दुपारीच मारले गेले होते, त्यामुळे विचारायला दुसरं कोणी नव्हतं. अकरांपैकी एकटा दादा जिवंत होता. तो तीन मैल खाली, उजव्या काठावर चिखलात सापडला. डोक्याला मार लागून त्याचे दोन दिवस पार पुसले गेले होते. समितीने त्याच्यासमोर सहाचा नकाशा ठेवला आणि विचारलं, हे खरं का. दादा बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "नकाशात आहे म्हणजे खरंच असेल."

एवढ्यावर निकाल लागला. तुकडीने हुकमाआधी जागा सोडली. दहा मेलेल्यांची नावं स्मारकाच्या दगडावर आली नाहीत. दादाचं नाव 'पूलसोड्या' पडलं, आणि असली नावं कुणी ठेवली ते कधी कळत नाही, पण ती चिकटतात. आई त्यानंतर पाच वर्षं जगली, तेवढ्या वर्षांत ती घराबाहेर पडली असेल तर दवाखान्यापुरती.

हे आपण काढलेल्या नकाशावरून झालं हे ताईला निकालाच्या दिवसापासून माहीत होतं. दादालाही माहीत होतं, कोपऱ्यातली सही त्याने समितीसमोरच वाचली होती. यावर दोघांनी एकतीस वर्षांत ब्र काढला नाही. ताई मनाशी म्हणायची, मी फक्त उतरवला. हे म्हणून झालं की तिला काही वाटायचं नाही. पुढे पुढे ते म्हणायचीही गरज राहिली नाही.

मंगळवारी चार आणि पाचचे कागद झाले. बुधवारी सकाळी तिने सहाचा कागद काढला, टेबलावर ठेवला, चारही फुल्या चार फुल्यांवर बसवल्या. टाचणीने टोचावं तशा नेमक्या बसल्या.

लाल चौकोन पुलाच्या डाव्या तोंडाशी होता.

चुकून पाचचा कागद घेतला, असं वाटून तिने वरचा आकडा बघितला. सहाच होता. मग तिने कपाटातून आपलीच एकतीस वर्षांपूर्वीची फिल्म काढली आणि त्यावर ठेवली. डावी वरची फुली बरोबर फुलीवर आली. उजवी वरची जरा बाहेर गेली. उजवी खालची फुली पूर्ण आठ मिलिमीटर बाहेर होती, आणि पूल नेमका त्या कोपऱ्यात. आठ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर दोनशे मीटर. नदी नकाशात तीनच मिलिमीटर रुंद होती.

मूळ कागदाच्या कडेने तपकिरी, नागमोडी रेघ होती. पाणी वाळून गेल्यावर राहते तशी. ती बघून ताईला सगळं आठवलं. डब्याच्या पोचा पडलेल्या कोपऱ्यातून पाणी आत गेलं होतं. सहाचा कागद सगळ्यांत वर होता, कारण भांडण त्याच्यावरूनच होतं आणि साहेब लोक त्यालाच पुन्हा पुन्हा बाहेर काढत होते, खालच्या नकाशावर न बसवता, नुसताच. कागद तिच्या हाती आला तेव्हा दमट होता. ओलीची कड तिला सरहद्दीची रेघ वाटली, आणि तीही तिने इमानदारीने उतरवली. उस्तादांनी ती ब्लेडने खरवडून काढली आणि तीन दिवस सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्या पोरीने डागाचाही नकाशा काढला!"

पातळ कागद दमट झाला की फुगतो, हे या धंद्यात पोराटोरांनाही कळतं. फुगलेला कागद एकतर वाळू द्यायचा, नाहीतर चारही कोपऱ्यांत फरक सारखा वाटून घ्यायचा. पण उस्तादांची रोजची रीत होती, डावा वरचा कोपरा धरा, बाकीचं आपसूक येतं. कोरड्या कागदाला ते लागू होतं. ताईने डावा वरचा कोपरा धरला. बाकीचं आपसूक सरकत गेलं. मधल्या खुणा शेतातून शेतात सरकल्या, त्या कुणाच्या लक्षात आल्या नाहीत. एक चौकोन तेवढा नदी ओलांडून गेला. आणि नियम पाळून तिने त्या चार फुल्याही जशाच्या तशा उतरवल्या होत्या, म्हणजे आपल्या चुकीचा पुरावा आपल्याच हाताने काढून, सही करून, कपाटात जपून ठेवला होता.

अशा वेळी पायाखालची वाळू सरकते म्हणतात. ताईच्या पायाखाली फरशी होती, ती जागची हलली नाही. आता काहीतरी वाटेल म्हणून ती थोडा वेळ थांबली. काही वाटलं नाही. छपाईवाल्याने चहा आणून ठेवला तो तिने प्यायला, कप विसळून पालथा घातला. मग पेनाची निब पुसली आणि सहाचा नकाशा काढायला घेतला. दुपारपर्यंत तो झाला. हात एकदाही थरथरला नाही, आणि त्याचंच तिला थोडं नवल वाटलं.

संध्याकाळी धाकट्या मालकांनी भिंग लावून पाहिलं.

"ताई, हा डाग कशाला काढलात?"

"दिसतोय."

"बरं. आणि हा चौकोन? स्मारकाच्या भिंतीवर तो पलीकडे आहे. मी शाळेच्या सहलीत पाहिलाय."

"मागच्या वेळी चुकला होता. कागद ओला होता, मी एकच कोपरा धरला."

धाकटे मालक खुर्चीत बसले. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त कुठलीही नवी गोष्ट आधी डोकेदुखी म्हणूनच त्यांच्यापर्यंत पोचायची.

"ताई, ते दगडात कोरलंय हो. पुस्तकांत गेलंय. आता कुठे उकरत बसता? जुन्यासारखा छापू या ना. भिंग घेऊन कोण येणार आहे बघायला?"

"नियम काय आहे आपला?"

"नियम राहू द्या. जुन्या प्रतीवर सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग नाव कुणाचं जाईल? बत्तीस वर्षं ज्या हाताकडे कुणी बोट दाखवलं नाही, त्या हाताचं."

"जाऊ दे," ताई म्हणाली. ती रागावली नव्हती की रडवेलीही झाली नव्हती. दिवा बंद करायला सांगावं तशी म्हणाली. "खाली समासात ओळ घालायची आहे. मी लिहून आणलीय."

ओळ अशी होती: 'या नकाशाच्या आधीच्या प्रतीत पुलावरची तुकडी उजव्या काठावर दाखवली आहे. ती चूक प्रत काढणाऱ्या हाताची आहे, मूळ कागदाची नाही.' खाली तिची तीच बारीक सही. मालकांनी ती दोनदा वाचली, कपाळाला आठ्या घातल्या, आणि शेवटी स्मारकाच्या बाईंना फोन लावून रिसीव्हर ताईच्या हातात देऊन मोकळे झाले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "नकाशा लागेल भिंतीवर. ओळीसकट. दगडावरच्या नावांचं मात्र मला वर विचारावं लागेल." आवाजावरून त्या विचारतील असं वाटलं.

म्हणजे कागदोपत्री ज्याला चूक दुरुस्त करणं म्हणतात ते अर्ध्या तासात झालं. घोडं अडलं होतं ते पुढे. दादाला सांगायचं कसं?

दादाचं चाव्या बनवायचं दुकान बाजारात होतं. दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधल्या बोळाला दार लावलेलं. बाजार आणि घर यांच्यामध्ये कालवा होता, आणि कालव्यावर लाकडी फळ्यांचा जुना साकव. शाळेत असताना दोघांचा रोजचा रस्ता तोच. पण लढाईवरून आल्यापासून दादाने साकवावर पाय ठेवला नव्हता. मोठ्या रस्त्याने वळसा घालून यायचा, वीस मिनिटं जास्त लागायची. कारण त्याने एकदाच सांगितलं होतं, इस्पितळात, आईला. त्याला बाकी काही आठवत नव्हतं, पण हळूहळू एक गोष्ट परत यायला लागली होती. पुलाच्या फळ्या. पायाखाली फळ्या धडधड वाजतायत, आपण सगळ्यांत पुढे पळतोय आणि मागून बाकीचे दहा. आईने ते ऐकलं आणि तोंडात पदराचा बोळा धरला. ताई तिथेच खाटेच्या पायाशी उभी होती.

साकव उतरलं की घराकडच्या काठाला तिसरं दुकान शिवणाऱ्या बाईचं. तिचा नवरा त्या दहांतला. दादा समोरून दिसला की ती रस्ता ओलांडून पलीकडे व्हायची, बोलायची नाही, शिव्याही द्यायची नाही. दादाला शिव्या चालल्या असत्या.

गुरुवारी ताई नकाशाची कच्ची छपाई गुंडाळी करून दादाच्या दुकानात गेली. तो एका गिऱ्हाइकाला परत पाठवत होता.

"मूळ चावी आणा," तो सांगत होता. "ही नकलेवरून काढलेली आहे. नकलेत केसाएवढा फरक पडतो, नकलेच्या नकलेत दोन केसांएवढा. मग दार उघडत नाही आणि लोक कुलपाला नावं ठेवतात."

गिऱ्हाईक गेलं. दादाने बहिणीकडे बघितलं, मग गुंडाळीकडे.

"काय ते?"

"सहाचा नकाशा. नवा काढला."

दादाने कानस उचलली आणि शिकंज्यात एक चावी धरून घासायला घेतली. ताईने फळीवर नकाशा उलगडला, चार कोपऱ्यांवर चार कुलपं ठेवली. तो बघत नव्हता. तरी ती सांगत गेली. डबा, पाणी, फुगलेला कागद, डावा कोपरा, आठ मिलिमीटर. रेशनच्या रांगेत पत्ता सांगावा तसं सपाट सांगितलं. कानस मधे थांबली नाही.

"हा कुणी काढला?" शेवटी त्याने विचारलं.

"मी."

"आणि आधीचा?"

"तोही मीच."

"मग चिमे, मी कुठला खरा म्हणू?"

चिमी हे तिचं घरातलं नाव. आई गेल्यावर ते फारसं कुणी वापरत नव्हतं. पहिला काढला तेव्हाही तिला तो बरोबरच वाटला होता.

दादाने चावी उजेडात धरून दात बघितले, फुंकर मारली. "मूळ आण," तो म्हणाला. गिऱ्हाइकाला म्हणाला होता त्याच आवाजात.

"मूळ बाहेर नेता येत नाही. तुलाच यावं लागेल."

कुठल्याही कचेरीत, जिथे भिंतीवर नकाशा असण्याची शक्यता आहे अशा कुठल्याही खोलीत, दादा एकतीस वर्षं गेला नव्हता. ताईने कुलपं उचलून ठेवली, नकाशा गुंडाळला आणि निघाली. ती बोळाच्या तोंडाशी पोचल्यावर मागून आवाज आला.

"शनिवारी दुकान अर्धा दिवस असतं."

शनिवारी तीनला तो आला. सदरा इस्त्रीचा होता. छपाईवाला त्याला ओळखत होता, सगळा गावच ओळखत होता. छपाईवाला यंत्राआड गेला आणि उगाच एक रूळ पुसत बसला. धाकटे मालक नेमके त्याच वेळी कुठेतरी कामाला निघून गेले होते, आणि त्याबद्दल ताईला त्यांचं बरं वाटलं.

तिने त्याला हात धुवायला लावले, पुसायला कोरडा कपडा दिला. टेबलाचा दिवा लावला, छापील नकाशा पसरला आणि सहाचा कागद त्याच्या हातात दिला.

"तू बसव," ती म्हणाली.

आयुष्यभर केसाएवढे फरक बघितलेले हात ते. त्याने कागद दोन्ही बाजूंनी हलका धरला, डावी वरची फुली बसवली, मग उजवी, मग खालच्या दोन. चारही बसल्यावर पुन्हा एकदा चारही तपासल्या. ताईने भिंग पुढे केलं. त्याने ते घेतलं, पण लगेच डोळ्याला लावलं नाही.

"कुठे?"

तिने बोट न टेकवता दाखवलं. दादा वाकला. दिव्याचा पांढरा उजेड खालून त्याच्या हनुवटीवर पडला होता, आणि ताईला पहिल्यांदाच दिसलं की त्याचं तोंड आईसारखं झालंय.

"इथे आम्ही होतो?"

"हो."

"सहाला?"

"सहाला."

"सगळे?"

"चौकोन पूर्ण आहे. माणसं कमी झाली की एक बाजू तुटक काढतात. सहाला अकराच्या अकरा होते."

"मग साडेसहाला पुलावर कोणी नव्हतं म्हणाले ते?"

"कोणी उरलं नसेल, दादा. गेले नव्हते. संपले होते. तुला नदीने नेलं."

त्याने भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं. यंत्राआडून रूळ पुसल्याचा आवाज येत होता.

"पण मला फळ्या आठवतात, चिमे," दादा म्हणाला. त्याचा आवाज अजूनही चाव्यांच्या दुकानातलाच होता. "रोज. डोळे मिटले की वाजायला लागतात. मी पुढे, ते मागे. एकतीस वर्षं मी त्यांना रोज पलीकडे पळवतोय. ते खोटं कसं असेल?"

ताईने नकाशाकडे बघितलं. पुलाच्या जागी दोन समांतर रेघा होत्या आणि त्यांच्या चारही टोकांना बाहेर वळलेल्या छोट्या कडा. या खुणेचा अर्थ तिला झोपेत विचारला असता तरी सांगता आला असता. लाकडी पुलाला मधे बारीक आडव्या रेघा काढतात. इथे मधली जागा कोरी होती. ही खूण तिने एकदा तेविसाव्या वर्षी आणि एकदा या बुधवारी स्वतःच्या हाताने काढली होती. आणि फळ्यांची गोष्ट तिने इस्पितळात स्वतःच्या कानांनी ऐकली होती. दोन्ही गोष्टी तिच्याकडे होत्या. एक कारखान्यात ठेवलेली, एक घरी. एकतीस वर्षांत तिने त्या कधी एकमेकींवर ठेवून बघितल्या नव्हत्या.

आता मात्र तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"दादा," ती म्हणाली, "पूल दगडी होता."

"काय?"

"पूल दगडी होता. एक फळी नव्हती त्याला. ही खूण दगडाची आहे."

दादा खुणेकडे बघत राहिला. मग त्याने अगदी हळू, चारही बोटांनी, कागद उचलला आणि तिच्या हातात परत दिला. "मग त्या फळ्या कुठल्या?" त्याने विचारलं. ताईने कागद डब्यात ठेवला, झाकण लावलं, दिवा बंद केला.

दोघं बाहेर पडली. कालव्याशी आल्यावर ताई सवयीने मोठ्या रस्त्याकडे वळली. चार पावलं गेल्यावर आपण एकटीच चालतोय हे तिच्या लक्षात आलं. दादा साकवासमोर उभा होता.

"इकडून जाऊ," तो म्हणाला.

त्याने पहिल्या फळीवर पाय ठेवला, मग दुसऱ्या. फळ्या जुन्याच होत्या, खिळे ढिले झालेले. त्या वाजल्या. तो मध्यावर जाऊन थांबला. एकदा टाच आपटून बघितली, मग पुन्हा एकदा. ताई त्याच्यामागे उभी होती. खाली कालव्याचं पाणी होतं, हिरवट आणि बेताचं.

"हाच," दादा म्हणाला. "हाच आवाज."

"शाळेला उशीर झाला की आपण इथूनच पळायचो," ताई म्हणाली. "तू पुढे असायचास. मागून मी ओरडत यायची."

दादाने कठडा धरला. तो वाकला, तसं ताईला वाटलं त्याला चक्कर येतेय, म्हणून तिने त्याचा दंड धरला. तो रडत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता, आणि इतक्या वर्षांत ते कसं करायचं हेच तो विसरला असावा असं ते दिसत होतं. कुणीतरी सायकल हातात धरून बाजूने गेलं. फळ्या पुन्हा वाजल्या.

"म्हणजे ते दहा जण," तो म्हणाला, "कधी पळालेच नाहीत."

"नाही."

"मीच पळवत होतो."

'आधी मी पळवले,' असं म्हणायला ताईने तोंड उघडलं होतं. पण दादाने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं, कॉलर सारखी केली आणि पलीकडे चालायला लागला. साकव उतरून तो घराकडे वळला नाही, सरळ गेला. पहिलं दुकान गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या दुकानाच्या दारात शिवणाऱ्या बाईने मान वर करून त्याला येताना बघितलं आणि तिचं मशीन थांबलं.

या वेळी ती रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ शकत नव्हती, कारण ती दुकानात होती.